ढोलाचं कातडं ल्यालेला बँजो

माझं पोट गोल, मान लांब आणि तारा पाच. मित्रांनो, मी एक जुना बँजो. माझी मान अक्रोडाच्या लाकडाची, ती जन्मापासून माझीच. पोटावरचं कातडं मात्र माझं नाही.

माझी मालकीण पूर्वी पंक रॉकची धांगडधिंगा गाणी गायची. तळघरात, घसा फाटेस्तोवर. मागे तिचा धाकटा भाऊ ढोल बडवायचा. लोक म्हणत, “हे गाणं की भांडण?” आणि भावंडं खूश व्हायची. मग भाऊ अपघातात गेला. तिने ओरडणं सोडलं, मला घरी आणलं आणि राबणाऱ्या माणसांची जुनी, संथ ब्लूज गाणी शिकली.

माझं कातडं फाटलं तेव्हा ती भावाचा ढोल उचलून वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेली.

“ताई, ढोलाचं कातडं बँजोला लावू नये. त्याला मार खायची सवय. नुसत्या बोटांनी भागत नाही त्याचं.”

“लावा हो काका. तेवढंच उरलंय त्याचं.”

काकांनी नाइलाजाने लावलं.

पहिल्याच सुराला मला कळलं, माझ्यात कुणीतरी राहायला आलंय. ती गायची संथ, पण माझ्या पोटातून ठोके यायचे. दोन जलद, एक दमदार. ऐकणारे म्हणत, “पायाने ठेका काय झकास धरतात बाई!” तिचे पाय तर स्टुलाच्या दांडीवर दुमडलेले असत.

खूप वाहवा झाली. ती मात्र रोज माझ्या कडेचे स्क्रू पिळायची, कातडं आणखी ताणायची, ठोके ठळक यावेत म्हणून. ठोके पळायचे, ती त्यांच्यामागे धावायची. संथ गाण्यांचा पुन्हा आरडाओरडा झाला. थुंकीत रक्त दिसू लागलं. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर आवाज कायमचा जाईल.

एका दुपारी तिची आई हात पुसत खोलीत आली. मला कुणी हात लावला नव्हता, तरी मी वाजत होतो.

“दमलाय गं तो,” आई म्हणाली. “लहानपणी असाच करायचा. तू खेळवत बसायचीस, तो झोपायचा नाही, आणि मग किरकिर करायचा.”

“सैल केलं तर तो जाईल, आई.”

“आणि नाही केलं तर हे कातडंही फाटेल नि तुझा आवाजही जाईल. वेडाबाई, दोघांनाही मुकं करतेस का माझ्या?”

तिने मला मांडीवर घेतलं. मग तिने पाना घेतला. एकेक स्क्रू ढिला करताना ती फाटक्या आवाजात गुणगुणत होती. आतले ठोके मंदावत गेले. शेवटच्या स्क्रूला एकच आला, मऊ, झोपेत कूस बदलावी तसा. आईने माझ्यावर तळवा ठेवला. मी गप्प होतो.

मित्रांनो, वाजवून झालं की वाद्याचं कातडं सैल करत जा. ताणलेल्याला विसावा नसतो. आणि सैल करताना आतून कुणी ठोका दिलाच, तर घाबरू नका. जरा थांबा, त्याला “ये हं आता” म्हणा, आणि मगच पुढचा स्क्रू फिरवा.