म्हाताऱ्या अस्वलाचा निरोप

"अपा, या पानांवरचं महत्त्वाचं तेवढ्याचे फोटो काढून ठेवू या ना," तोगजान सासूला म्हणाली.

"बिनमहत्त्वाचं कुठलं, ते तू दाखव," कुल्याश म्हणाली.

रिद्देरच्या मधपाळांचं संकेतस्थळ शुक्रवारी दुपारी बंद व्हायचं होतं. सगळे टेलिग्रामच्या ग्रुपवर गेले, इथे चिटपाखरूही फिरकत नाही, असं चालवणाऱ्यानं कळवलं होतं. त्याचं खोटं नव्हतं. पण कुल्याशचा नवरा येर्केश अजून तिथेच होता. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, तरी मधमाशांविषयीची त्याची लांबलचक उत्तरं जागच्या जागी होती. त्या प्रत्येकाखाली 'म्हातारं अस्वल' नावाचा कुणीतरी भांडत असे. येर्केश म्हणे, हिवाळ्यात पेट्या बर्फाखाली राहू द्या. अस्वल म्हणे, तळघरात ठेवा. "तुझं ऐकलं तर माशा मरतील, येर्केश, आणि तू तेवढा जगशील." हे वाचून येर्केश ताटावरून उठायचा.

शुक्रवारी सकाळी कणीक मुरत ठेवून कुल्याशनं पान उघडलं, तर खाली अस्वलाची नवी ओळ होती.

"येर्केश, यंदा पेट्या बर्फाखालीच ठेवल्या. सगळ्या जगल्या. तुझंच खरं रे बाबा. आहेस ना?"

तिचे डोळे भरून आले. एका बोटानं ती लिहीत बसली. तो गेला हे एका वाक्यात कसं सांगायचं? तीनदा लिहून खोडलं. अखेर दुपारी कळ दाबली, तर संकेतस्थळ बंद होऊन पान कोरं झालं होतं.

तोगजाननं ग्रुपवर विचारलं, म्हातारं अस्वल कोण? चार हसरे चेहरे आले, कुणी सर्कशीतल्या अस्वलाचा व्हिडिओ टाकला, मग स्वस्त साखरेची जाहिरात आली आणि प्रश्न वर सरकत दिसेनासा झाला.

"बरा माणूस होता," कुल्याश म्हणाली. "आता म्हणेल, येर्केशनं अजून राग धरलाय."

दर शुक्रवारी गेलेल्याच्या नावानं पोळीसारखे सात शेलपेक तळून वाटायचे, तसे तिनं तळले. तोगजान सहा घरी देऊन आली.

"अपा, हा सातवा कुणाकडे?"

"राहू दे," कुल्याश म्हणाली. "त्या अस्वलाचं घर मला ठाऊक नाही."

संध्याकाळपर्यंत तो ताटलीत तसाच होता.