धुतलेली बाटली

वहिनीची स्वच्छता आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. तिच्याकडे चहाचा शेवटचा घोट घ्यायच्या आत कप हातातून गेलेला असतो. म्हणून तिला प्रयोगशाळेची बाटली देताना मी बजावलं होतं, "तळाशी थोडं आम्ल आहे, ते राहू दे. सकाळी नळाचं पहिलं पाणी भर आणि कृपा करून धुवू नकोस."

पाणी तिच्या बालवाडीचं होतं. नळ जुने, तेव्हा शिसं उतरतंय का ते बघायचं होतं. बाटली आली, यंत्राने मोजलं, शिसं जवळजवळ नाहीच. दादा फोनवर "सुटलो बाई" म्हणाला. आमचे साहेब म्हणाले, "सही करा."

मला आनंद झाला. माझी भाची चिमी दिवसभर तेच पाणी पिते. पण सही करण्याआधी मी पाण्यात कागदी पट्टी बुडवली, सवयच ती. आम्लाने लाल व्हायची ती पट्टी ढिम्म राहिली.

फोन लावला. "वहिनी, बाटली धुतलीस?"

"म्हणजे काय! तळाशी काहीतरी तेलकट दिसत होतं. गरम पाण्याने चांगली विसळून घेतली."

मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ल नसलं की पाण्यातलं शिसं बाटलीला आतून चिकटून बसतं. वरचं पाणी ओतून मोजलं की ते स्वच्छच निघतं.

मी त्याच बाटलीत, उरलेल्या पाण्यात आम्ल घातलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला कुणाला हात लावू दिला नाही. शेजारी शुद्ध पाण्यात तेच आम्ल घालून ठेवलं, नाहीतर साहेब म्हणायचे, तुमच्या आम्लातच खोट. शुद्ध पाणी कोरं निघालं. वहिनीच्या पाण्यात शिसं मर्यादेच्या सहापट.

"नमुनाच चुकीचा घेतलाय," साहेब म्हणाले. "बाद करा, सावकाश नवा मागवा. गिऱ्हाईक तुमच्याच घरचं, ते खूश आहे. तुम्हाला काय पडलंय?"

"नवा आजच मागवते. पण तोवर मुलांनी काय प्यायचं?"

"ते आपलं काम नाही."

"माझं आहे. नमुना बाद करून मी गप्प बसणार नाही. हवं तर खुर्ची काढून घ्या."

तडक बालवाडीत गेले आणि बेसिनखालचा कॉक बंद केला.

"वन्सं, हा काय चावटपणा?" वहिनी धावत आली. राग आला की मी तिची 'वन्सं' होते, एरवी नुसती 'ए'.

मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "हळू बोला! पालक यायची वेळ झालीय. राबून राबून उभी केलीय मी ही बालवाडी. आपल्याच माणसाने पाडायची? सुट्टीत गुपचूप नळ बदलू."

"आणि पोटात गेलंय त्याचं काय? सगळ्या मुलांचं रक्त तपासायला हवं. तू कॉक उघड, मी पुन्हा बंद करीन. बघूया कोण आधी दमतं."

तेवढ्यात चिमी ओल्या बाहीने तोंड पुसत आली. वहिनी तिच्याकडे बघत राहिली.

"हिचंही?" तिने विचारलं.

"हिचं सगळ्यांत आधी. बाकीची घरी जाऊन दुसरं पाणी पितात. तुम्ही इथेच वर राहता."

मला फार वाईट वाटलं. तरी कॉकवरचा हात काढला नाही.

फाटकाशी पालक जमू लागले. आता बोलायचंच म्हणून मी उठले, तर वहिनीने मला दंडाला धरून मागे ओढलं.

"तू थांब. बालवाडी माझी आहे."

ती पायरीवर जाऊन उभी राहिली. "कुणी निघू नका, आधी ऐका. आमच्या पाण्यात शिसं निघालंय. तुमच्या मुलांनी ते प्यायलंय. माझ्या मुलीने सगळ्यांत जास्त."

एकच गलका झाला. कुणाचे तरी वडील अंगावर धावून आल्यासारखे पुढे आले. वहिनी जागची हलली नाही.

"ओरडा, मी ऐकून घेईन," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी मुलांना घेऊन दवाखान्यात या. रांगेत पहिली मी असेन, चिमीला घेऊन."