मुदत संपल्यावर निघालेलं पत्र

अंबरपेठेतल्या भामाबाईंच्या हातात पोस्टमननं पत्र ठेवलं ते एकवीस जूनला. पत्रावर तारीख होती दोन जून. आत लिहिलं होतं, ‘या तारखेपासून पंधरा दिवसांत पुरावा सादर करावा, अन्यथा आपला दावा निकाली काढण्यात येईल.’ भामाबाईंनी बोटांवर मोजलं. सतरा तारखेलाच सगळा कारभार आटोपला होता. त्या दिवशी त्या दारात बसून कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होत्या, आणि आपण निकालात निघालो याचा त्यांना पत्ताही नव्हता.

त्यांचे यजमान शिवराज एका बिस्किटाच्या कारखान्यात होते. फेब्रुवारीत तिथल्या मालाच्या लिफ्टची दोरी तुटली आणि ते गेले. कामावर असताना गेलेल्या माणसाच्या बायकोला पेन्शन मिळते, असं कारखान्यातल्या लोकांनीच सांगितलं, म्हणून भामाबाईंनी अर्ज केला. आता पेन्शनच्या ऑफिसला पुरावा हवा होता, की अर्जदार बाई मयत कामगारावर अवलंबून होती.

“मी अवलंबून!” भामाबाई एकट्याच बोलल्या. “या माणसाला स्वतःचा बनियन कपाटात सापडत नव्हता!” म्हणता म्हणता त्यांना हसू आलं, आणि मग पदर डोळ्यांना लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात गेल्या. तीन तासांनी खिडकीपाशी नंबर लागला. खिडकीत दिलीप नावाचा कारकून होता. त्यानं पत्र बघितलं आणि परत सरकवलं.

“टाइम हो गया अम्मा.”

“अरे, पत्रच काल मिळालं.”

“कब मिला वो नक्को. उपर तारीख क्या है वो देखो.”

“मग मुदत वाढवून दे.”

त्याचा फॉर्म वेगळा होता. त्याला उशिराच्या कारणाचा पुरावा जोडायचा, आणि तो फॉर्मही त्याच पंधरा दिवसांच्या आत द्यायचा. बरं, अवलंबून असल्याचा दाखला कुठून आणायचा? तहसीलमधून. तो किती दिवसांत मिळतो? कमीत कमी एकवीस.

भामाबाईंनी दोनदा विचारून खात्री केली. “म्हणजे पत्र दोन तारखेलाच मिळालं असतं, तरी दाखला वेळेत आला नसता?”

“नै आता था,” दिलीप प्रामाणिकपणे म्हणाला. माणूस वाईट नव्हता. “पन तब कायदेसे लेट होते.”

संध्याकाळी भामाबाई शेजारच्या भगवंतरावांकडे गेल्या. ते सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते, आणि गल्लीतले सगळे अर्ज तेच लिहीत. त्यांनी पत्र बाजूला ठेवलं आणि आधी पाकीट उचललं. जन्मभराची सवय. पाकीट उजेडात धरून त्यांनी पोस्टाचा शिक्का वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“वहिनी, हे पाकीट पोस्टात पडलंय एकोणीस तारखेला.”

“मग?”

“मग काय! मुदत संपली सतराला, पत्र निघालं एकोणीसला. तुम्ही लवकर जाऊन बसला असता तरी उपयोग नव्हता.”

भामाबाईंनी पाकीट हातात घेऊन शिक्का स्वतः पाहिला. मग म्हणाल्या, “भावजी, कागद घ्या. मी सांगते तसं लिहा.”

भगवंतरावांना ‘सविनय सादर’ लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नसे, तेवढं भामाबाईंनी चालवून घेतलं. बाकी मजकूर त्यांचा: ‘आपले पत्र दोन जून ते एकोणीस जून या काळात कुठे होते, याचा पुरावा पंधरा दिवसांत द्यावा. उशिराचे कारण असल्यास त्याचाही पुरावा जोडावा. न दिल्यास आपले म्हणणे निकाली काढून माझा दावा मंजूर समजण्यात येईल.’

“असं लिहिता येत नाही वहिनी,” भगवंतराव घाबरून म्हणाले.

“त्यांना येतं की.”

अर्जासोबत पाकिटाची झेरॉक्स जोडली. आवक खिडकीवरच्या बाईनं न वाचताच शिक्का मारला. तिथं वाचायची पद्धत नव्हती. भामाबाईंनी शिक्का मारलेली प्रत जपून ठेवली, तहसीलमध्ये दाखल्याचा अर्जही टाकला आणि दिवस मोजायला लागल्या.

सोळाव्या दिवशी त्या थेट पद्मावती मॅडमच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. मॅडम त्या शाखेच्या अधिकारी. फाइल शोधायला अर्धा तास गेला. मॅडमनी अर्ज वाचला, पाकीट पाहिलं, मग दिलीपला हाक मारली. पत्र सतरा दिवस कुठं होतं? जावक विभागात. तिथं का? जावकच्या माणसाची बदली झाली, आणि नवा माणूस आला नव्हता.

“चौकशी करावी लागेल,” मॅडम म्हणाल्या. “आम्हाला थोडा वेळ द्या.”

“देते की,” भामाबाई म्हणाल्या. “त्याचा फॉर्म असतो. पुरावा जोडून, पंधरा दिवसांच्या आत. पण ते कालच संपले.”

मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी फाइलवर लिहिलं, की मुदत पत्र हातात पडल्यापासून मोजावी, आणि तहसीलचा दाखला येईपर्यंत दावा उघडा ठेवावा. दाखला सव्वीस दिवसांनी आला. त्यात तहसीलदारांनी प्रमाणित केलं होतं, की भामाबाई शिवराजवर पूर्णपणे अवलंबून होत्या. दोन महिन्यांनी पेन्शन मंजूर झाली.

त्या दिवशी भामाबाई सही करायला गेल्या, तर रांगेत गौलीगुड्याची त्रिवेणी नावाची बाई भेटली. नवरा गेलेली, कडेवर पोर. तिच्या हातात तसंच पत्र होतं, तशीच जुनी तारीख. भामाबाईंनी हौसेनं तिच्याकडून पाकीट मागून घेतलं आणि शिक्का शोधला. शिक्का नव्हता. पत्रं आता पोस्टानं येत नव्हती. ऑफिसचा माणूस घरोघर नेऊन देत होता.

“माझ्यामुळंच,” भामाबाईंच्या मनात आलं, आणि पेन्शनच्या कागदावरची सही वाकडी आली. बाहेर येऊन त्यांनी त्रिवेणीचा हात धरला.

“त्या माणसानं कुठं सही घेतली का तुझी? घेतली असेल तर वहीत तारीख असणार. चल, आधी ती वही बघायला मागू.”

आणि दोघी पुन्हा रांगेच्या शेवटाला जाऊन उभ्या राहिल्या.