पासिंगच्या गळ्यातलं पिल्लू

“आधी तोंड मिट,” तिया पासिंग म्हणाली. “माझ्यासमोर जांभईसुद्धा द्यायची नाही, किती वेळा सांगू?”

देलियाने तोंड मिटलं आणि पेजेची वाटी खाली ठेवली. तियाच्या पोटात कित्येक दिवस पाण्याच्या घोटापलीकडे काही गेलं नव्हतं. अंगावर मांस उरलं नव्हतं, नाडी हाताला लागत नव्हती, तरी जीव जात नव्हता. डॉक्टर आला, त्याने नळी कानाला लावली, काढली, पुन्हा लावली आणि जिना उतरताना छातीवर क्रूस काढून निघून गेला. पवित्र आठवडा चालू होता. चॅपलच्या कर्ण्यावरून ख्रिस्ताच्या दुःखभोगाची गाणी सकाळपासून खाडीकाठच्या गावावर पसरली होती.

तिया पासिंग ही देलियाच्या आईची मावशी. आई हाँगकाँगला घरकामाला गेली आणि तिकडेच रमली. देलियाला हिनेच वाढवलं. पण ‘तिया’, म्हणजे मावशी, ती सगळ्या गावाची. पनाय बेटाच्या त्या टापूत लग्नाचा पोशाख शिवावा तर तिनेच. नवऱ्या मुली स्टुलावर उभ्या राहत आणि ही तोंडात टाचण्या धरून, गुडघ्यांवर बसून, घेर सारखा करी. लोक पोशाख घेऊन जात, वाखाणत, आणि वळणावर गेले की म्हणत, बाई आस्वांग आहे. दिवसा शिंपीण, अंधार पडला की माणसाच्या काळजाला चटावलेली.

आस्वांगला सुखाने मरण येत नाही, हे देलिया लहानपणापासून ऐकत आली होती. तिच्या गळ्यात एक काळं पिल्लू असतं, कोंबडीचं असतं तसं. ते दुसऱ्या कुणाच्या उघड्या तोंडात शिरलं की मगच ती सुटते.

“मी घेते ते,” देलिया म्हणाली. “मला तुझे हाल बघवत नाहीत.”

तिया हसली. गळ्याच्या सुरकुत्यांखाली काहीतरी सरकलं आणि पुन्हा खाली बसलं.

“मोठी आली घेणारी! घेऊन काय करशील?”

“तुझ्यासारखी शिवत बसेन.”

“आणि त्या बेकरीवालीचं काय?”

देलियाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मारिबेल बेकरीत पाव भाजायची. देलियाहून वर्षाने मोठी, एकोणीसची. शाळा सुटल्यापासून दोघी रोज संध्याकाळी खाडीच्या बांधावर भेटत. गाव म्हणे, मैत्रिणी आहेत. तियाही तेच समजते, असं देलियाला वाटत होतं.

“कोण बेकरीवाली?”

“इन्दाय, पोरी, मी शिंपीण आहे. माणूस कुणासाठी नटतं ते मला माप घेतानाच कळतं. ती यायची असली की तुझे केस विंचरून होईपर्यंत चुलीवरचा भात करपतो.”

तेवढ्यात जिना करकरला. मारिबेल वर आली, गरम पावाचं पुडकं ठेवलं आणि वाकून, थोरामोठ्यांना करतात तसा, तियाचा हात आपल्या कपाळाला लावला. गावात असं करायला आता कुणी धजत नसे.

“माझी भीती नाही वाटत गं तुला?” तियाने विचारलं.

“वाटते की. पण माझा बाप तुमच्याहून भयंकर आहे, तिया. तुम्ही निदान कपडे तरी शिवता.”

तिया खळखळून हसायला गेली आणि तिने घाईने डावा हात तोंडावर दाबला. मग म्हणाली, “बसा दोघी. हे माझ्या वाट्याचं नव्हतंच. कॉन्सिंगच्या आईचं होतं. कॉन्सिंग आणि मी एका मशीनवर शिकलो, एका चटईवर झोपलो. तिची आई मरायला टेकली आणि लेकीला जवळ बोलवायला लागली. कॉन्सिंग थरथरत पुढे झाली. मी तिला बाजूला ढकललं आणि माझंच तोंड उघडलं.”

“मग?” मारिबेलने विचारलं.

“मग काय! या मेल्याचा हट्ट असा, की जिच्यावर जीव तिचंच काळीज हवं. भरल्या बाजारात मला एकाच माणसाचा वास यायचा. मी कॉन्सिंगला दूरच्या दावावच्या बोटीत बसवलं आणि सांगितलं, तुझं तोंड बघवत नाही, परत येऊ नकोस. ती रडत गेली. परत आली नाही.”

“आणि माणसं?” देलियाने घाबरत विचारलं. “खाल्लीस?”

“बकऱ्याची कलेजी खाल्ली. कच्ची. खाटकाला विचार. आणि तोंडात टाचण्या काय हौस म्हणून धरत होते? तोंड मिटलेलं राहावं म्हणून!” तिने श्वास घेतला. “आता जबड्यात जोर राहिला नाही. पण हे मी कुणाला देणार नाही. माझ्याबरोबर जाईल. रुमाल घे आणि जबडा बांध, मी जिवंत आहे तोवर. श्वासाला नाक आहे.”

“मी नाही बांधणार! किती तळमळशील तू!”

“तळमळेन. ते माझं मी बघते.”

“मी बांधते,” मारिबेल उठली.

“तू कोण गं मध्ये पडणारी?” देलिया तिच्या अंगावर धावून गेली.

मारिबेल जागची हलली नाही. “तू ते घेतलंस की दुसऱ्या दिवशी मला बोटीत बसवशील. मी जाणार नाही, देलिया. बांधावर येऊन बसेन रोज. मग काय करशील?”

देलिया मागे वळली. तिने कपाटातला जाड सुती रुमाल काढला. तियाच्या हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. तियाने भुवई उंचावली, म्हणजे सैल झालीय. देलियाने रडत रडत गाठ आवळली.

चॅपलमधले गाणारे कॉफी प्यायला उठले आणि कर्णा थांबला. त्या शांततेत पिल्लू ओरडलं.

आवाज इतका गोड असेल असं देलियाला वाटलं नव्हतं. आई दुरून हाक मारतेय, असा. तियाचा गळा फुगला, कातडीखाली पंख फडफडले, रुमाल ताणला गेला. मिटलेल्या ओठांच्या मधून चोचीचं काळं टोक बाहेर आलं. देलियाच्या तोंडाला पाणी सुटलं. ती वाकली. तिचा जबडा आपोआप खाली आला. तोंड मिटायला गेली तर मिटेना.

मारिबेलने तिचं तोंड दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवलं आणि आपले ओठ तिच्या ओठांवर गच्च दाबले. भर दुपारी, उघड्या खिडकीसमोर. पिल्लू ओरडत राहिलं. देलियाला आधी ते ऐकू येत होतं, मग मारिबेलचा श्वास ऐकू यायला लागला, आणि मग तेवढाच.

तिया बघत होती. आठवडाभर न हललेला तिचा उजवा हात वर आला. शिवण आत दुमडावी तसं तिने अंगठ्याने ते काळं टोक आत सारलं आणि अंगठा ओठांवर रोवून ठेवला. गळ्यातली गाठ झटापट करत खाली सरकली, छातीशी आली, थरथरली आणि थांबली. तियाचे डोळे अजून दोघींवरच होते. त्यांत पाणी होतं, पण भीती नव्हती. थोड्या वेळाने त्यांतलं बघणंही संपलं.

संध्याकाळी शेजारच्या बायका मेणबत्त्या घेऊन आल्या. तोवर दोघींनी तियाला अंघोळ घातली होती, केस विंचरले होते. ओठांवरचा अंगठा मात्र काही केल्या सुटला नव्हता.

“हा रुमाल सोड गं,” त्यांतली थोरली, नँग ओसांग, म्हणाली. “लोक दर्शनाला येतील. चेहरा बरा दिसला पाहिजे.”

“बराच आहे चेहरा,” देलिया म्हणाली. “रुमाल राहील.”

 ओसांगने शवपेटीजवळच्या बाकाकडे, घरच्यांच्या जागेकडे, पाहिलं. मारिबेल भिंतीला टेकून उभी होती.

“आणि ही? हिला घरी नाही का जायचं?”

“ही घरचीच आहे,” देलिया म्हणाली, आणि सरकून तिने बाकावर जागा केली.

मारिबेल येऊन बसली. तिच्या बाह्यांना सकाळचं पीठ तसंच होतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग एकीने जपमाळ काढली आणि प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीला बाकावरच्या दोघींनी एकदमच आवाज मिळवला.