घड्याळाच्या डबीतला मेणाचा ठोकळा

"घाई नको. मेणाला निजू द्या."

मित्रांनो, जगात मी ऐकलेला पहिला आवाज हा. बारा वर्षं झाली, पण अजून कानात आहे. तुम्ही म्हणाल, तुला रे कान कुठले? खरं आहे. मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. आगपेटीहून लहान. पाठीला प्लास्टिकची चौकट, तिच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर चारशे सतरा, आणि पोटात माणसाच्या मोठ्या आतड्याचा नखाएवढा तुकडा.

तो आवाज होता मेणताईंचा. रुग्णालयाच्या तपासणीखोलीत त्यांना सगळे मेणताईच म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे बाटल्यांतून त्यांच्याकडे यायचे. त्या तुकड्यांतलं पाणी काढून टाकायच्या, वितळलेलं मेण त्यांत मुरवायच्या आणि साच्यात ओतून ठोकळा पाडायच्या. कोणी नवखं साचा लवकर उचलायला गेलं, की त्या तेच वाक्य म्हणायच्या. घाईने उचललेला ठोकळा तडकतो.

मी थंड पाटीवर निजलो होतो, तेव्हा मेणताईंनी माझा कागद वाचायला घेतला. वय छत्तीस. धंदा घड्याळदुरुस्ती. ओळीओळीवरून त्यांचं बोट पुढे सरकत होतं. 'घरात आणखी कोणाला हा आजार होता का?' या ओळीपुढे लिहिलं होतं, 'नाही.' बोट तिथे थांबलं. इतका वेळ थांबलं की माझं मेण पार घट्ट झालं. मग त्यांनी कागद पालथा घातला आणि कामाला लागल्या.

तो घड्याळजी मेणताईंचा सख्खा धाकटा भाऊ होता. खोलीत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर मला दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं असतं, आणि दुसऱ्याच्या हातावर मेणताईंचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कापायच्या यंत्रात बसवलं. समोर पातं, हाताशी फिरवायचं चाक. केसाच्या जाडीचे वीस भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे माझा एक काप. एकाला एक चिकटून कापांची फीत निघाली आणि कोमट पाण्यावर तरंगली. मेणताई अगदी हलक्या आवाजात गुणगुणत होत्या:

*मेणाच्या कुशीत निजली गं काया,*
*पात्या, तू हळूच लाव तिला माया.*

फितीला एक सुरकुती नव्हती. मोठे डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून म्हणाले, "काप असावा तर असा." पुढचं वाक्य मात्र कौतुकाचं नव्हतं. कॅन्सर होता. मेणताईंनी मान डोलावली, आणि माझ्या चौकटीच्या एका कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक तिरपी खूण केली. ही त्यांची सवय. ठोकळा यंत्रात किती कलता बसवला होता, ते त्या खुणेवरून कळायचं. पुन्हा कापायची वेळ आली आणि कल चुकला, तर पहिले दहा-बारा काप वाया जातात. नखाएवढ्या पोटाला ते परवडत नाही.

महिन्याभराने घड्याळजी खिडकीशी आला. अंगावरचा सदरा सैल झालेला, पण जीभ शाबूत.

"ताई, माझा तुकडा दाखव की."

"हळू बोल. इथे मी तुझी ताई नाही."

"मग कोण, मामी?"

मेणताईंनी हसू गालात दाबलं आणि मला खिडकीच्या फळीवर ठेवलं. त्याने डोळ्याला लावायचं भिंग खिशातून काढून मला उलटंसुलटं पाहिलं.

"एवढासा? याच्यासाठी माझं सगळं पोट उसवलं?"

"याच्याहून लहान स्क्रू हरवला तर तू दुकान डोक्यावर घेतोस."

तो हसता हसता पोट धरून बसला, कारण टाके दुखले. त्याच्या मागे त्याची लेक उभी होती. चौदा वर्षांची, दोन वेण्यांची. ती हसली नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

त्यानंतर मी लोखंडी कपाटात गेलो. मित्रांनो, आमच्यासारख्यांचं म्हातारपण फार लवकर सुरू होतं. चार दिवस मान, मग वर्षानुवर्षं खण. धूळ बसली. एका उन्हाळ्यात खोलीतला पंखा बंद पडला, तेव्हा माझ्या कडा मऊ झाल्या. शेजारच्या चारशे सोळाला झुरळाने कुरतडलं. मला एकच घोर लागून राहिला होता: ज्याच्या पोटातून मी आलो, तो आहे ना?

दहा वर्षं भरली आणि नियमाप्रमाणे जुने ठोकळे काढायचे ठरले. कपाटं सांभाळणारे मामा पोतं घेऊन आले. आमच्या खणाशी ते पोचायच्या आत एक हात आला आणि मला उचलून गेला. मेणताईंनी मला घड्याळाच्या एका रिकाम्या डबीत घातलं, कापसावर. ती डबी भावाने दिलेली होती. पुढची दोन वर्षं मी त्यांच्या टेबलाच्या खणात होतो.

आणि मग छोट्या डॉक्टर आल्या! अंगाने लहानखुऱ्या, चालीने वादळ. हातात दोनशे नंबरांची यादी.

"मामा, मला हे सगळे ठोकळे हवेत."

"बाई, यातले निम्मे पोत्यातून गेले. उरलेल्यांतले काही झुरळांनी खाल्ले. झुरळं देऊ का पकडून?"

"द्या. त्यांचीही तपासणी करते."

मामांनी वाद न घालता किल्ल्या काढल्या. हे क्वचितच घडायचं.

छोट्या डॉक्टरांनी सगळ्यांना काम समजावलं. मी खणाच्या फटीतून ऐकत होतो. दोन माणसांना एकच कॅन्सर होतो, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जुळ्यांसारखे दिसतात. तरी एकाचा आजार ऑपरेशननंतर परततच नाही, दुसऱ्याचा दोन वर्षांत पसरतो. असं का? पेशीच्या आत जीन असतात, म्हणजे लांबच लांब लिहिलेला मजकूर. त्यातलं कुठलं अक्षर बदललंय, त्यावरून आजाराची पुढची चाल बरीचशी ताडता येते. "भविष्य नव्हे हं," त्या बजावत होत्या, "अंदाज. पण नीट बांधलेला अंदाज. त्यासाठी जुने ठोकळे हवेत, कारण त्या माणसांचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. हा चारशे सतरा बघा. आजार बराच वाढलेला होता, आणि बारा वर्षांनी माणूस ठणठणीत. हाच नेमका सापडत नाही."

ठणठणीत! मित्रांनो, मी मेणाचा नसतो तर त्या डबीत नाचलो असतो.

मेणताई उठल्या. खण उघडला. डबी टेबलावर ठेवली.

"हा घ्या. नियम मोडलाय मी. भाऊ आहे तो माझा."

छोट्या डॉक्टरांनी डबी उघडली, मला उजेडात धरलं आणि एवढंच म्हणाल्या, "मेणताई, पोटात फार थोडं उरलंय. मी कापायला बसले तर घालवेन. तुम्ही बसाल?"

घड्याळजीला फोन करून त्याची परवानगी घेतली. मेणताईंनी मला यंत्रात बसवलं, कोपऱ्यातली खूण डोळ्यांजवळ नेऊन बघितली, स्क्रू अर्धा पिळला, पुन्हा पाव सोडला. चाक फिरलं. पहिला काप पूर्ण निघाला, दुसरा, तिसरा. बारा वर्षांनी पुन्हा तेच गुणगुणणं. दहा काप निघाले आणि मामांनी उगाचच घाम पुसला, जणू चाक त्यांनीच फिरवलं होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. छोट्या डॉक्टर जिन्यातूनच बोलत आल्या. घड्याळजीला बोलावलं होतं. तो लेकीला घेऊन आला होता. दोन वेण्या जाऊन आता ती सव्वीस वर्षांची झाली होती. मी टेबलावर, डबीचं झाकण उघडं.

"पेशी मजकूर उतरवून घेते तेव्हा चुका होतात," छोट्या डॉक्टर म्हणाल्या. "त्या दुरुस्त करणारे कारागीर आत असतात. तुमच्या गाठीत ते कारागीरच कामावर नव्हते."

"माझ्या दुकानात रोज हेच असतं," घड्याळजी म्हणाला.

"पण गंमत ऐका. अशा गाठीत इतक्या चुका साठतात की शरीराचे पहारेकरी तिला परकी म्हणून ओळखतात. गाठ ऑपरेशनने पूर्ण निघाली, तर असे रुग्ण बहुतेकदा जास्त जगतात. तुम्ही जगलात, त्यात या खोटीचाही हात असावा."

घड्याळजीने मला उचललं आणि कपाळाला लावलं. लेकीने डोळे पुसले. मामा कपाटाकडे तोंड करून काहीतरी शोधत राहिले.

"आता दुसरी गोष्ट." छोट्या डॉक्टरांचा आवाज हळू झाला. "ही खोट कधी आयुष्यात मागाहून होते, कधी आईवडिलांकडून येते. मागाहून झालेली असली, तर गाठीच्या जीनमध्ये आणखी एक बदल बहुधा सापडतो; तुमच्या गाठीत तो नाही. म्हणून तुमच्या रक्ताची तपासणी करू, आणि खोट तिथे दिसली तर तुमच्या लेकीच्याही. वेळेत कळलं, तर आतड्यातल्या बारीक गाठी कॅन्सर होण्याआधीच काढता येतात."

घड्याळजीने हात झटकला. "आमच्या घरात हा आजार कोणालाच नव्हता. तेव्हाही तसंच लिहून दिलंय. चांगलं चाललंय पोरीचं, उगाच तिच्या डोक्याला घोर नको. चल गं."

लेक उठली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर तेव्हा ओरडलो असतो. एवढ्याशा पोटात मी बारा वर्षं एक निरोप जपला होता, आणि तो दारातून परत चालला होता. म्हणून माझं एकच मागणं आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी ती काय सांभाळून आहे ते विचारा. आणि घरातली दुखणी लाजेपोटी दडवू नका. ती पुढच्यांच्या उपयोगाची असतात.

मेणताई दारात जाऊन आडव्या उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात माझा जुना कागद होता, बोट त्याच ओळीवर.

"थांब. घाई नको," त्या म्हणाल्या.

"आता काय, ताई?"

"तू आठ वर्षांचा होतास. मी एकोणीसची. आईने माझ्याकडून वचन घेतलं होतं, कुणाला सांगायचं नाही, तुलासुद्धा नाही. लोक काय म्हणतील, माझं लग्न कसं होईल, म्हणून." त्यांनी भाचीचा हात धरला, आणि भावाच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आई पोटदुखीने गेली नाही रे. तिलाही हेच होतं."