ताब्यातल्या मुलांसाठीच

डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन्ही कानांची यंत्रं साडेतीन वर्षांच्या आत बसायला हवीत, नाहीतर मुलीचं बोलणं कायमचं मागे पडेल. माझी टिल्ली आता तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. पलीकडच्या कॉलनीतल्या मुलाला तीन आठवड्यांत यंत्रं मिळाली. आम्ही आदिवासी. आरोग्य खातं म्हणतं, तुमच्यासाठी वेगळं खातं आहे, तिकडे जा. ते वेगळं खातं म्हणतं, कान म्हणजे आरोग्य, तिकडेच जा. या टोलवाटोलवीत अकरा महिने गेले.

मी शिकलेली. पुरावा चोख असला की काम होतं, असा माझा भ्रम. म्हणून मी वही केली. तारीख, वेळ, कसला आवाज झाला, टिल्लीने वळून पाहिलं का. ‘पातेलं पडलं. नाही.’ ‘दार आपटलं. नाही.’ ‘मागून हाक मारली. नाही.’ दोनशे पानी वही भरली. बालकल्याण कार्यालयातल्या बाईंनी मागितली, तेव्हा मी ती कौतुकाने त्यांच्या हातात ठेवली.

आज त्यांनी बोलावलं होतं. मावशी सोबत आली. आमच्या मुलांना इतरांसारखंच सगळं मिळावं म्हणून वस्तीने कोर्टात दावा लावलाय, त्याची धावपळ मावशीच करते. तिचा एकच नियम: नकार चालेल, पण लेखी हवा.

बाईंनी टिल्लीला बिस्किट दिलं. मग मवाळ आवाजात म्हणाल्या, “एक मार्ग आहे. वर्षभर मुलीचा ताबा आमच्याकडे द्या. ताब्यातल्या मुलांना आठवड्याभरात यंत्रं मिळतात. सांभाळायला कुटुंबही चांगलं बघून ठेवलंय.”

“आम्ही कान मागितले, तर तुम्ही पोरगीच मागताय की!” मावशी म्हणाली.

“मावशी, भल्यासाठीच सांगतेय हो.”

मी फॉर्म वाचत होते. मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. ‘ताबा घेण्याचं कारण’ यापुढे चार चौकोन होते. व्यसन, मारहाण, आजारपण, हेळसांड. हेळसांडीवर आधीच खूण केलेली.

“ही खूण कशासाठी?”

बाईंनी फायलीतून माझ्या वहीच्या झेरॉक्स काढल्या. “तुम्हीच लिहिलंय ना हे? मुलीला ऐकू येत नाही हे रोज दिसतंय, आणि अकरा महिने उपचार नाहीत. काही तरी कारण दाखवावंच लागतं आम्हाला.”

मी चारही चौकोनांवरून बोट फिरवलं. “सरकारने यंत्रं दिली नाहीत, असा चौकोन कुठाय?”

“असा कसा असेल?” त्या खरंच चकित झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “सही नाही केलीत तरी वही फायलीत राहणारच आहे. बघा बाई.”

मावशीने खुर्ची पुढे ओढली. “मॅडम, पेन चालतं ना तुमचं? मूल घरी असेल तर यंत्र नाही आणि तुमच्याकडे दिलं तर आहे, एवढंच लिहून द्या. आम्ही निघालो.”

“असं लिहून देता येत नाही.”

“मग बसतो. बसून राहायची सवय तुम्हीच लावलीय.”

बसलो. जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले, मिटले. टिल्ली माझ्या मांडीवर झोपली. साडेचार वाजता बाईंनी वैतागून दोन ओळी खरडल्या, ‘यंत्रं ताब्यातल्या मुलांसाठीच’, आणि शिक्का टेबल हादरेल असा आपटला. टिल्लीची पापणीही हलली नाही.

जिन्यातच मावशीने कागद दोनदा वाचला. “अगं, माझ्या बावीस वर्षांच्या खेट्यांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलं यांनी! आता कोर्टात बोबडी वळेल बघ त्यांची. पोरी, जिंकलो आपण!”

“निकाल कधी लागेल, मावशी?”

ती बोटांवर मोजायला लागली आणि मध्येच थांबली. “वर्ष. दीड वर्ष. कोर्टाचं काय सांगावं.” मग टिल्लीकडे बघून तिने कागद पिशवीत सरकवला.

सही न केलेला तो फॉर्म मी टेबलावर ठेवून यायला हवा होता. मी तो चार घड्या करून पर्समध्ये टाकलाय. मावशीला माहीत नाही. घरी पोचेपर्यंत मी तीनदा पर्स उघडून पाहिली, तो आहे ना.

चार महिने उरलेत.