होडी माझी नाही

बाळकुमच्या खाडीवर त्या सकाळी एकाच होडीची दोन टोकं दोघांनी धरली होती. पुढचं टोक, म्हणजे नाळ, राघोच्या हातात, मागची बाजू सगुणेच्या हातात, आणि मधे गुडघाभर चिखलात दामाजी.

"माजे भावाची होरी हाय. मना दे," राघो ओरडला.

"माजे घोवाची हाय. आमची चूल वायली होती, सगल्या गावाला म्हाईत हाय. भावजी, मना दे!" सगुणा त्याच्याहून मोठ्यानं दामाजीला म्हणाली.

होडी गुणाजीची. सगुणेचा नवरा, राघोचा थोरला भाऊ आणि दामाजीचा जिवलग. अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं ती दामाजीकडे सांभाळायला दिली आणि पाच दिवसांत गेला. दामाजी दोन वर्षं ती सांभाळत होता, म्हणजे रोज मासळीला नेत होता. आता एकाला दिली तर दुसरा फिर्याद करणार. आणि खरं सांगायचं तर दामाजीला ती कुणालाच द्यायची नव्हती. फार जीव होता त्याचा तिच्यावर.

तो ठाण्याला त्र्यंबकराव वकिलांकडे गेला.

"सोपं आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "वस्तू तुमच्याकडे, हक्क सांगणारे दोघे. तुम्ही कोर्टाला अर्ज करायचा, की माझा हिच्यावर काडीचा हक्क नाही, या दोघांनी आपसात लढून ठरवावं आणि मला मोकळं करावं."

"आनि ठरंपरत होरी कोनाकरं?"

"कोर्ट सांगेल तसं. बहुधा तुमच्याकडेच."

दिवाणी दावा म्हणजे दहा वर्षं, एवढं दामाजीला ठाऊक होतं. तो इतका खूश झाला की माजिवड्यापर्यंत एकटाच हसत आला. आपल्याइतका हुशार कोळी खाडीच्या दोन्ही काठांना नाही, असं त्याचं त्या दिवसापुरतं मत झालं. मग महिनाभर जाळं विणताना तो एकच वाक्य घोकत होता, "सायेब, होरी माजी नाय." बायको सरस्वती कंटाळून म्हणाली, "मंग दे ना कोनाला तरी!"

कोर्टात त्यानं ते वाक्य न अडखळता म्हटलं. मग राघोचा वकील उठला. त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "नारळी पुनवेला या होडीला नारळ कोण फोडतो?"

आमच्याकडे होडीला नारळ तिचा धनीच फोडतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण प्रश्न पूजेचा निघाला आणि दामाजीची छाती फुगली.

"मीच! दोनी वरसां मीच फोरला. सगुणा आलेली, राघो आलेला, कोनाला हात लावू दिला नाय. माजी होरी बिनपुजेची ऱ्हाल काय?"

त्र्यंबकरावांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी निकाल दिला, की अर्जदार स्वतःच हक्क सांगतो आहे, तेव्हा हा अर्ज चालत नाही.

बाहेर आल्यावर राघो दोन वर्षांत पहिल्यांदा भावजयीशी नीट बोलला. "वैनी, आपलं भांडान ऱ्हाऊंदे. ह्यो तिसराच होरी गिलतंय!"

टेंभी नाक्यापर्यंत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा ठरलासुद्धा. दामाजी मागून मान खाली घालून चालत होता. दोघांना कोर्टात झुंजवायला निघालेल्या या शहाण्यानं एका दिवसात त्यांचा समेट करून दिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं होडीचा दोर स्वतः सगुणेच्या हातात दिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

"राघो मिठागरावर जातंय, त्याला खारी म्हाईत नाय," ती म्हणाली. "होरी तूच ने, भावजी. मासलीचा वाटा आमाला दे. पन पयला कागदावर लिवून दे, होरी तुजी नाय."

त्र्यंबकरावांच्या कारकुनानं कागद लिहिला. कुणबी सहीऐवजी नांगर काढतात तसं दामाजीनं खाली निशाणी म्हणून वल्हं काढलं, आणि भरती लागताच होडी पाण्यात ढकलली. माल मोजून घ्यायला सगुणा नाळेवर बसली होती. मागे दामाजी, खोटं कशाला बोला, आपलीच होडी म्हणून वल्हवत होता.